गोळ्याचा टप्पा आणि गोळीचा वेग

जुन्या कागदांत अंतर सांगतांना कोस, हात, काठी यांच्या जोडीला ‘गोळीचा टप्पा’ हेंही एक माप येतें. संग्राहक मित्र आम्हांस विचारतात कीं, टप्पा म्हणजे नक्की किती? उत्तरापूर्वीं एक व्यवहार पाहूं.

इ. स. 1690 मध्यें राजाराम छत्रपति जिंजीस असतां, कडलूरजवळील तेगनापट्टणचा किल्ला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनें मराठ्यांकडून विकत घेतला व त्यास फोर्ट सेंट डेव्हिड असें नांव दिलें. किल्ल्याबरोबर भोंवतालचा मुलूखही मिळाला. त्याची हद्द मात्र कोसांनीं ठरली नाहीं. किल्ल्यावरून तोफ डागावी व गोळा जेथवर पडेल तेथवर कंपनीचा अंमल, असें ठरलें होतें. सप्टेंबरांत तोफ डागली गेली. टप्प्यांत आलेल्या गांवांस तामिळांत ‘गुंडु ग्रामम्’, म्हणजे गोळ्याचीं गांवें, हें नांव पडलें. इंग्रजी लेखांतील ‘रँडम शॉट’ या शब्दांचा अर्थ ‘वाटेल तसा मारलेला गोळा’ असा करण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. त्या काळच्या गोलंदाजींत तोफेचें तोंड उचलून लांबवर टाकलेला गोळा, असा त्याचा पारिभाषिक अर्थ होता. तोफ आणि गोलंदाज दोन्ही खरेदीदाराचींच!

दारू अधिक ठासून कंपनीनें हद्द पुष्कळ फुगविली असेल, असें वाचकाच्या मनांत सहज येईल. आमच्याही आलें होतें. परंतु हा तर्क तपासावयाचा तर गोळा तोंडांतून किती वेगानें सुटतो हें कळलें पाहिजे, आणि तें मोजण्याचें विश्वसनीय साधन तेव्हां कोणाजवळ नव्हतें. बंदुकीची गोळी एका विपळांत, म्हणजे सेकंदाच्या दोन पंचमांशांत, सुमारें साडेसहाशें फूट जाते. तेथें घटिकापात्राचा काय पाड?

ही अडचण बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्यानें 1742 सालीं प्रसिद्ध केलेल्या तोफविद्येच्या ग्रंथांत सोडविली. काळ मोजण्याच्या भानगडींत तो पडलाच नाहीं. लांकडाचा ठोकळा लोखंडी पट्टीवर बसवून त्यानें 56 पौंड 3 औंसांचा लंबक टांगला व त्यावर पौंडाच्या बाराव्या हिश्श्याची शिशाची गोळी झाडली. गोळी लांकडांत रुतते, लंबक मागें झुलतो, आणि झोका किती गेला हें त्यास बांधलेली फीत दाखविते. झोक्यावरून ठोकळ्याचा वेग निघाला सेकंदास सव्वातीन फूट. वजनें व अंतरें यांच्या गणितानें गोळीचा वेग त्याच्या 505 पट, म्हणजे 1641 फूट. आम्ही शाळेंत मातीच्या गोळ्यावर गलोलीनें खडे मारून मुलांस हाच प्रयोग दाखवीत असूं. खडा रुतला तर उत्तर जमे. उसळून परत आला तर झोका वाढे आणि खड्यास नसलेला वेग पदरीं पडे.

रॉबिन्सनें लंबक तोंडापासून 25, 75 व 125 फुटांवर ठेवून पाहिला. वेग अनुक्रमें 1670, 1550 व 1425 फूट आले. शंभर फुटांत 245 फूट वेग हवेनें खाल्ला! गोळा जितका वेगानें सुटतो तितकी हवा त्यास अधिक अडविते. सेकंदास 1650 फूट वेगाचा गोळा निर्वात प्रदेशांत 45 अंशांवर सोळा मैल जावा. चोवीस पौंडी गोळाही प्रत्यक्षांत तीन मैल गांठीत नसे. आमच्या मतें तेगनापट्टणच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. ज्यादा दारूनें वेग वाढतो, पण टप्पा त्या मानानें फारच थोडा वाढतो. मोठा गोळा मात्र आपल्या वजनाच्या मानानें हवेचा अडथळा कमी सोसतो. तेव्हां हद्दीचा फायदा दारूंत थोडा आणि तोफेच्या निवडींत पुष्कळ होता. विकणारानें कराराच्या वेळीं तोफेचें माप नक्की करून घ्यावयास हवें होतें.

हाच रॉबिन्स पुढें कंपनीचा मुख्य इंजिनियर होऊन 1750 त हिंदुस्थानांत आला आणि 29 जुलै 1751 रोजीं याच फोर्ट सेंट डेव्हिडांत वारला. गोळ्यानें मोजलेल्या जमिनीवर गोळीचा वेग प्रथम मोजणाराचा शेवट व्हावा, या योगाकडे आमचें लक्ष फार उशीरां गेलें.

एकोणिसाव्या शतकांत बेल्जियमच्या ल बूलांजे या अधिकाऱ्यानें विजेच्या तारांच्या दोन पडद्यांनीं काळच मोजला. आजचीं यंत्रें तारेऐवजीं प्रकाशाचे पडदे किंवा रडार वापरतात. जुन्या बंदुकीची परीक्षा करविणारांस एवढेंच सांगतों कीं, पडद्यांतील अंतर दोन फूट असून त्यांत पाव इंचाची चूक राहिली तर 1641 फुटांत 17 फुटांचा फरक पडतो. दहा फूट असल्यास साडेतीनाचा. यंत्र तोंडाशीं अगदीं भिडवूं नये, स्फोटाच्या झोतानें तें फसतें. आलेला आंकडा पडद्यांमधला असतो, तोंडाचा नव्हे.

आतां टप्प्याविषयीं. ज्यांच्या संग्रहीं तोफखान्याचे हिशोब असतील त्यांनीं गोळ्याचें वजन, दारूचें वजन आणि नळीची लांबी हीं तिन्ही एकत्र आलेलीं कलमें उतरून मंडळाकडे पाठवावींत. नुसता ‘टप्पा’ लिहिलेला कागद या कामीं उपयोगाचा नाहीं.