दिल्ली ते त्र्यंबकेश्वर विमानाने: अंतर किती, वेळ किती?

त्र्यंबकेश्वरला स्वतःचे विमानतळ नाही. सर्वांत जवळचे विमानतळ म्हणजे नाशिकजवळचे ओझर. त्याचा तीन अक्षरी कोड ‘आयएसके’ आहे. दिल्ली ते ओझर हे अंतर सुमारे ९९० किमी दाखवले जाते, पण प्रवासाचा वेळ एवढ्यावरून काढला तर अंदाज चुकतो.

विमान अंतर म्हणजे काय?

दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे विमान अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते नीट मिळत नाही. नाशिकच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किमी भरतो, तर उत्तर नॉर्वेत, ७० अंश अक्षांशावर, तोच एक अंश फक्त ३८ किमी असतो. त्यामुळे उत्तर ध्रुवाजवळची विमानतळे नकाशावर दिसतात त्यापेक्षा प्रत्यक्षात बरीच जवळ असतात.

९९० किमीला दोन तास का लागतात?

ताशी ८०० किमी वेगाने हे अंतर सव्वा तासात संपायला हवे. वेळापत्रकात मात्र सुमारे दोन तास असतात. विमान धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, ठरलेल्या हवाई मार्गाने वळसा घेणे, उतरताना वेग कमी करणे आणि उतरल्यावर जागेवर येऊन थांबणे, हा सगळा वेळ त्यात धरलेला असतो.

कोणत्या विमानतळावर उतरावे?

त्र्यंबकेश्वरपर्यंतची अंदाजे अंतरे:

- ओझर: सरळ रेषेत ४५ किमी, रस्त्याने ५० ते ५५ किमी, सुमारे दीड तास.
- शिर्डी (काकडी): सरळ रेषेत ९३ किमी, रस्त्याने ११५ ते १२५ किमी, सुमारे तीन तास.
- मुंबई: सरळ रेषेत ११६ किमी, रस्त्याने १७० ते १८० किमी, सुमारे चार तास.

सरळ रेषेत मुंबई शिर्डीपेक्षा फक्त २३ किमी लांब आहे. रस्त्याने मात्र हा फरक ५० किमीच्या पुढे जातो, कारण मध्ये सह्याद्री आहे आणि मुंबई-ठाण्याची वाहतूकही ओलांडावी लागते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो.

ओझर आणि शिर्डी ही विमानतळे एकमेकांपासून सरळ रेषेत जेमतेम ६८ किमीवर आहेत. म्हणूनच दोन्ही देवस्थानांचे दर्शन घ्यायचे असेल, तर एकीकडे उतरून दुसरीकडून परतता येते.

एकूण हिशेब

दिल्लीहून ओझरमार्गे विमानाचे दोन आणि रस्त्याचा दीड असे साडेतीन तास लागतात. मुंबईमार्गे हाच प्रवास सहा तासांच्या पुढे जातो. विमानतळावर आधी पोहोचण्याचा आणि सामान घेण्याचा वेळ यात धरलेला नाही.

मुंबईचे तिकीट स्वस्त मिळाले तरी पुढचे गाडीभाडे आणि वेळ जोडूनच तुलना करावी. श्रावणी सोमवारी, विशेषतः ब्रह्मगिरी प्रदक्षिणेच्या तिसऱ्या सोमवारी, खासगी वाहने गावाबाहेर थांबवली जातात. त्या दिवशी हातात आणखी वेळ ठेवावा आणि परतीचे विमान शक्यतो दुसऱ्या दिवशीचे घ्यावे.