औंधचे नमस्कार आणि उतारवयातली ताकद

औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. स्वातंत्र्यापूर्वी मात्र ही गावे औंध या एकाच छोट्या, विखुरलेल्या संस्थानात होती. 1909 साली तिथे गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार आणि कीर्तनकार. पण त्यांचा खरा ध्यास होता सूर्यनमस्कारांचा.

तरुणपणी ते युरोपात गाजलेल्या सँडो या बलवानाच्या पद्धतीने, उपकरणे घेऊन व्यायाम करीत. पुढे मिरजेच्या पटवर्धन अधिपतींच्या आग्रहावरून, 1908 च्या सुमारास, ते नमस्कारांकडे वळले. उपकरण नको, आखाडा नको. चटईएवढी जागा पुरे. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. 1938 साली लंडनमध्ये लुईझ मॉर्गन यांच्या साहाय्याने त्यांचे नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते.

व्यायाम फक्त तालमीतल्या पोरांचा, ही समजूत या राजाने मोडली. स्त्रियांनी, प्रौढांनी, सर्वांनीच तो करावा असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा हा आग्रह अनुभवातून आलेला होता. त्यामागचे शास्त्र पुष्कळ नंतर उलगडले.

रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून शरीरभर रक्त नेणाऱ्या वाहिन्या. स्नायू काम करू लागला की त्याच्याकडे रक्त वेगाने धावते. त्या प्रवाहाने रोहिणीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते आणि रोहिणी सैल होऊन रुंदावते. रक्तवाहिन्यांतल्या या वायूच्या कार्याच्या शोधाला 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. वयाबरोबर रोहिण्या ताठर होतात, स्नायूंचा रक्तपुरवठा कमी पडतो, ताकद घटते. ताकद घटली की माणूस बसून राहतो आणि बसून राहिला की रोहिण्या आणखी ताठरतात. असे हे रहाटगाडगे आहे.

2015 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतासह 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. हाताच्या मुठीची पकड दर 5 किलोने कमी, तसा मृत्यूचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी जास्त आढळला. केवळ पकड कमी म्हणून मृत्यू येतो, असे यातून सिद्ध होत नाही. पण हातातली ताकद हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची खबर देते, हे नक्की.

आपल्याकडे साठी उलटली की घरचे प्रेमाने म्हणतात, "आबा, आता बसा. पुष्कळ केलंत." शेतात राबलेला माणूस ओट्यावर बसतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्याला घागर उचलवत नाही. चालताना पोटरीत गोळे येतात आणि थांबले की जातात, तेव्हा 'वयच झालं' म्हणून आपण सोडून देतो. पायाची रोहिणी अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना काम करू द्या. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून, पण रोज चालावे. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून चार-सहा वेळा उठावे. जमतील तेवढेच नमस्कार घालावेत. वाकवत नसेल, तर भिंतीला हात टेकून घातलेले दोन नमस्कारही चालतील.