चिमूरच्या वाटेवरील तोडलेले पूल

युद्धकाळीं पुलास किल्ल्याइतकें मोल येतें. परंतु किल्ला पडला तरी त्याचे चिरे डोंगरावर शतकानुशतकें राहतात. तोडलेला पूल पुन्हा बांधला कीं त्याचा इतिहास नव्या बांधकामाखालीं झांकला जातो. १९४२ सालच्या चिमूर प्रकरणांतील तोडलेल्या पूलमोऱ्यांची गत अशीच झाली आहे. त्या प्रकरणांतील गोळीबार, जाळपोळ व अत्याचार यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. रस्त्याविषयीं मात्र एखाद्या ओळीपलीकडे कोणी लिहीत नाहीं. आमच्या मतें त्या सर्व घटनांची किल्ली रस्त्यांतच आहे.

चिमूर हें त्या वेळीं चांदा जिल्ह्याच्या वरोरा तहसिलींत मोडे. बालाजीचें देवालय व तेथील घोडायात्रा यांमुळें गांव प्रसिद्ध. भोंवतीं काळी जमीन, ओढे-नाले, आणि दक्षिणेस ताडोब्याचें अरण्य. वरोऱ्याच्या रेल्वे स्टेशनापासून चिमूर सुमारें तीस मैल. अशा मुलुखांत मोरी म्हणजे काय हें ऋतूवर अवलंबून असतें. उन्हाळ्यांत मोरी खचली तर गाडी नाल्याच्या कोरड्या पात्रांतून पलीकडे जाते. श्रावणांत तोच नाला भरून वाहतो, कडेची काळी माती चाक धरून ठेवते, आणि चार हातांची मोरी नसली तर मोटारींचा तांडा अडून पडतो. पूल केव्हां तोडला हें, कोठें तोडला याइतकेंच महत्त्वाचें ठरतें, तें यामुळें.

दिवस होता श्रावण शुद्ध पंचमी, शके १८६४, म्हणजे १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. मुंबईस काँग्रेसचे पुढारी पकडले गेल्यास एकच आठवडा झाला होता. तुकडोजी महाराजांच्या भजनांनीं हा प्रदेश आधींच जागा झाला होता. पुढें २८ ऑगस्टला त्यांसही अटक झाली. चिमुरांत मिरवणूक निघाली, पोलिसांनीं गोळी चालविली आणि बालाजी रायपूरकर हा तरुण पडला. क्षुब्ध जमावानें डाकबंगला पेटविला. डुंगाजी, सोनवणे व जरासंध हे अधिकारी आणि एक शिपाई मारले गेले. हुतात्म्यांची नांवें लिहितांना हीं नांवें गाळणें इतिहासकारास शोभणार नाहीं. त्याच दिवशीं वर्धा जिल्ह्यांत आष्टी येथेंही रक्त सांडलें.

यानंतर लोकांनीं वरोऱ्याच्या वाटेवर झाडें आडवीं पाडलीं व पूलमोऱ्या फोडल्या. ह्यांत लष्करी शिक्षण कोणास नव्हतें. हत्यारें तीं शेतकऱ्याच्या घरांतलींच. परंतु बुद्धि खऱ्या युद्धाची होती. त्याच वर्षीं २३ फेब्रुवारीस ब्रह्मदेशांत सितांग नदीवरील पूल खुद्द ब्रिटिश सेनेनें सुरुंगानें उडविला. सतराव्या हिंदी डिव्हिजनचा मोठा भाग तेव्हां पलीकडच्या तीरावर अडकला होता. शत्रूस थोपविण्यासाठीं सेनेनें केलें तर तें रणनीति, आणि तेंच गांवकऱ्यांनीं केलें तर बंड, असा त्या काळचा न्याय होता. या बंडाची धास्ती मात्र खरी होती. १८५७ नंतरचा सर्वांत गंभीर उठाव, असें व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं ३१ ऑगस्टला चर्चिल यांस कळविलें.

चांदा जिल्ह्यास ही रीत नवी नव्हती. १८५८ सालीं मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांच्या लोकांनीं चिंचगुंडी येथें तारखात्याच्या तळावर छापा घातला होता. त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला बाबूरावांस चांद्यास फांशी दिलें. अरण्याच्या मुलुखांत सरकार म्हणजे सडक आणि तार, हें तेथील लोकांस चांगलें उमगलें होतें.

तोडलेल्या वाटेनें चिमुरास तीन दिवसांची स्वतंत्रता दिली. १९ ऑगस्टला फौज गांवांत शिरली. तींत सुमारें २०० गोरे व ५० देशी शिपाई होते असें नमूद आहे. धरपकड, लूट आणि स्त्रियांवरील अत्याचार यांनीं गांव होरपळलें. वर एक लाख रुपयांचा सामुदायिक दंड बसला. येथें रस्त्याच्या इतिहासास दुसरें वळण लागतें. लोकांनीं रस्ता तोडला तो शस्त्र बाहेर ठेवण्यासाठीं. आतां सरकारनें रस्ता रोधला तो सत्य आंत ठेवण्यासाठीं. नागपूरहून डॉ. मुंजे व रमाबाई तांबे प्रभृति महिला चिमुरास जाऊन आल्या, त्यांनीं पीडितांच्या तोंडून हकीगत ऐकली. पण सरकारनें चौकशी नाकारली.

तेव्हां सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी दिल्लीस व्हाइसरॉयच्या मंडळांतील माधवराव अणे यांच्या घरीं गेले व चौकशीसाठीं उपवासास बसले. त्यांस परत पाठविण्यांत आलें. ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांनीं पुन्हा उपवास आरंभिला आणि उपाशी पोटीं पायीं चिमूरची वाट धरली. सरकारनें त्यांस वाटेंत धरून मागें आणलें. त्यांच्या उपवासाची वार्ता छापण्यास बंदी झाली, म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं अंक बंद ठेवून निषेध केला. १२ जानेवारीस बंदी उठली व ६३ दिवसांचा उपवास सुटला. तीन दिवस मोऱ्यांनीं रोखलेली वाट मोकळी करावयास फौज पुरली; पांच महिने बातमीस बंद असलेली वाट उघडण्यास एका माणसाचा देह पणास लागला. चिमूरच्या ज्यांस फांशीची शिक्षा झाली होती त्यांच्यासाठीं अनसूयाबाई काळे यांनीं अविश्रांत खटपट केली, आणि १९४५ सालीं शेवटीं उरलेल्या फांशीच्या शिक्षाही रद्द होऊन जन्मठेप झाली.

अवशेषांच्या शोधार्थ आम्ही वरोऱ्याहून शेगांवमार्गे चिमूरपर्यंत गेलों. रस्ता आज रुंद झाला आहे, पूल नव्या बांधणीचे आहेत; १९४२ ची खूण सांगेल असा एकही दगड आम्हांस आढळला नाहीं. गांवांत हुतात्म्यांचें स्मारक आहे व दर वर्षीं १६ ऑगस्टला तेथें लोक जमतात. वाटेवर मात्र कांहीं नाहीं. ज्या नाल्यांवर हा लढा तीन दिवस टिकला, त्यांच्या कांठीं निदान एक शिळालेख असावा. नाले अजून तेच आहेत, श्रावणांत ते तसेच भरून वाहतात, आणि या प्रकरणाचा अस्सल पुरावा आतां त्यांच्यापाशींच उरला आहे.