स्पायवेअर काढलं, तरी जुना संगणक नीट का चालत नाही?

घरातला आठ-दहा वर्षं जुना संगणक अचानक विचित्र वागू लागतो. ब्राउझर उघडला की अनोळखी सर्च पान येतं, कोपऱ्यात जाहिराती उड्या मारतात, पंखा घरघरतो. कुणीतरी अँटिव्हायरस चालवून देतं, 'सगळं साफ झालं' असा संदेशही येतो. पण दुसऱ्या दिवशी इंटरनेटच चालत नाही किंवा संगणक सुरू होताच एखादी फाइल सापडत नसल्याची चौकट दिसते.

यात अँटिव्हायरस फसला असं नाही. स्पायवेअर काढणं आणि त्याने केलेले बदल पूर्ववत करणं ही दोन वेगळी कामं आहेत. चोर घराबाहेर गेला म्हणून त्याने तोडलेलं कुलूप आपोआप जुळत नाही.

स्पायवेअर म्हणजे काय?

वापरणाऱ्याच्या नकळत माहिती गोळा करून बाहेर पाठवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्पायवेअर. काही प्रकार फक्त कोणती संकेतस्थळं पाहिली याची नोंद ठेवतात, तर काही कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ टिपतात, म्हणजे पासवर्डसुद्धा. ते बहुतेकदा फुकट सॉफ्टवेअरसोबत, 'क्रॅक' केलेल्या प्रोग्रॅममधून, ईमेलच्या अटॅचमेंटमधून किंवा ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमधून शिरतं.

४० लाख संगणकांचा धडा

डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने १०० हून अधिक देशांतले सुमारे ४० लाख संगणक बाधित केले होते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. हे मालवेअर संगणकातली डीएनएसची सेटिंग बदलून सगळी विचारणा गुन्हेगारांच्या सर्व्हरकडे वळवत असे.

नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने या टोळीचा पर्दाफाश केला. पण ते सर्व्हर लगेच बंद केले असते, तर लाखो लोकांचं इंटरनेट ठप्प झालं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर बसवले गेले आणि ९ जुलै २०१२ रोजी तेही बंद झाले. ज्यांनी तोवर सेटिंग दुरुस्त केली नव्हती, त्यांचे संगणक पत्ता विचारायला अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरकडेच जात राहिले. गुन्हेगार पकडले गेले, तरी बदललेली सेटिंग तशीच राहिली होती.

आधी सफाई

१. इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा किंवा केबल काढा. या संगणकावरून बँकेचे व्यवहार थांबवा.

२. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रोग्रॅम आणि सेटअप फाइल मात्र घेऊ नका, त्यांच्यासोबत संसर्गही जाऊ शकतो.

३. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रॅमच्या यादीत तारखेनुसार क्रम लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेला अनोळखी प्रोग्रॅम काढा. नाव कळत नसेल, तर आधी मोबाइलवर शोधून पाहा. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शनही काढून टाका.

४. विंडोज १० असेल तर इंटरनेट थोडा वेळ जोडून विंडोज सिक्युरिटी अपडेट करा आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन ऑफलाइन स्कॅन निवडा. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे स्पायवेअरला लपायला फारशी जागा उरत नाही. याला साधारण १५ मिनिटं लागतात. त्यानंतर फुल स्कॅन करा. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला काही तास लागू शकतात.

कायम चालू राहणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नका. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक आणखी मंदावतो. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची मोफत साधनं मिळतात.

मग दुरुस्ती

इंटरनेट चालत नाही: सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सी पाहा. तुम्ही स्वतः प्रॉक्सी लावलेला नसेल, तर तो बंद करा. मग नेटवर्कच्या आयपी सेटिंगमध्ये डीएनएस 'ऑटोमॅटिक' आहे का ते तपासा. डीएनएसचेंजर राउटरमध्येही शिरण्याचा प्रयत्न करत असे, म्हणून राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल तर तोही बदला.

ठरावीक संकेतस्थळंच उघडत नाहीत: विंडोजमधली 'होस्ट्स' नावाची फाइल पाहा. ती विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशा क्रमाने फोल्डर उघडत गेल्यावर सापडते. सुरुवातीला हॅशचं चिन्ह असलेल्या ओळी निरुपद्रवी असतात. हॅश नसलेल्या ओळीत बँकेचं किंवा अँटिव्हायरस कंपनीचं नाव दिसलं, तर ती ओळ काढा. त्यासाठी नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं.

नको ते पान पुन्हा पुन्हा येतं: ब्राउझर रीसेट करा. तरीही पान आलं, तर डेस्कटॉपवरचा ब्राउझरचा शॉर्टकट पुसून नवा बनवा. कधीकधी त्या पानाचा पत्ता शॉर्टकटलाच चिकटवलेला असतो.

फाइल सापडत नसल्याची चौकट: स्पायवेअर गेलं, पण त्याला सुरू करण्याची नोंद मागे राहिली, असा याचा अर्थ बहुतेकदा असतो. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत आणि टास्क शेड्यूलरमध्ये ती नोंद शोधून बंद करा.

विंडोजच अडखळतं: कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजी अक्षरांत एसएफसी, एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला जोडून स्कॅननाऊ असं टाइप करा. ही आज्ञा विंडोजच्या बिघडलेल्या फाइल शोधून त्या बदलते.

एवढं करूनही संगणक संथच असेल, तर दोष स्पायवेअरचा नसेलही. कमी रॅम आणि थकलेली हार्ड डिस्क हीसुद्धा नेहमीची कारणं आहेत.

पासवर्ड कुठून बदलायचे?

दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा संगणकावरून. संशयित संगणकावर नवा पासवर्ड टाकला, तर तोही चोरीला जाऊ शकतो. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांच्या चाव्या तिथेच असतात. प्रत्येक खात्यात 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' निवडा. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून तो संगणक काढून टाका. बँकेतून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करा.

विंडोज पुन्हा कधी टाकावं?

साफ केलेलं स्पायवेअर परत येत असेल किंवा कीबोर्डच्या कळा टिपणारा प्रकार सापडला असेल, तर डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं सर्वांत सुरक्षित.

पण कोणतं विंडोज, हेही महत्त्वाचं आहे. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तर विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. सुरक्षा अपडेट न मिळणारा संगणक कितीही साफ केला, तरी त्याचं दार उघडंच राहतं. नवं विंडोज झेपत नसेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली ४ जीबी रॅमवरही चालते. तेही जमत नसेल, तर तो संगणक इंटरनेटशिवाय, जुने फोटो पाहण्यापुरता ठेवावा आणि बँकेचं काम दुसरीकडे करावं.