काचेची छटा आणि पेटंटची पारख

भर मे महिन्यात रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या मोटारीत तासाभराने शिरणाऱ्याला काचेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. उजेड हवा, पण उन्हाची झळ नको. बाहेरचे स्पष्ट दिसावे, पण डोळे दिपू नयेत, अशा परस्परविरोधी अपेक्षा एकाच काचेकडून केल्या जातात. त्या पुऱ्या करण्यासाठी काचेच्या रसातच काही धातूंची ऑक्साइडे अत्यल्प प्रमाणात मिसळून तिला हिरवट, निळसर, करडी किंवा कांस्यवर्णी छटा दिली जाते. हे प्रमाण शंभरात एखादा भाग, तर कधी लाखात काही भाग इतकेच असते. मात्र याच दशांश चिन्हापुढील आकड्यांवर काच उद्योगात मक्तेदारी मिळते किंवा हुकते. एखाद्या रंगीत काचेच्या मिश्रणावर पेटंट द्यायचे की नाही, हे ठरविणारी तपासणी म्हणजे या आकड्यांची बारकाईने केलेली झडतीच होय.

छटा कशी येते?

इमारती आणि मोटारी यांसाठी वापरली जाणारी बहुतेक काच सोडा-चुना-सिलिका या प्रकारची असते. तिच्यात सुमारे ७० ते ७५ टक्के सिलिका म्हणजे वाळूतील मुख्य घटक, १२ ते १५ टक्के सोडियम ऑक्साइड आणि त्याखालोखाल कॅल्शियम ऑक्साइड असते. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचे प्रमाण त्याहून कमी असते. हा रस वितळलेल्या कथिलावर पसरवून सपाट काच बनविण्याची 'फ्लोट' पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली आणि पुढे ती जगभर रूढ झाली.

रंगाच्या खेळात मुख्य पात्र लोहाचे. काचेत लोह दोन अवस्थांत राहते. फेरिक अवस्थेतील लोह अतिनील किरण शोषते आणि काचेला पिवळसर झाक देते. फेरस अवस्थेतील लोह १,०५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अवरक्त किरण शोषते आणि निळसर झाक देते. सूर्याच्या ऊर्जेचा जवळपास निम्मा वाटा अवरक्त किरणांचा असल्याने उष्णता अडविण्याचे काम प्रामुख्याने फेरस लोहाकडे येते. त्यामुळे काचेत एकूण लोह किती, एवढेच सांगून भागत नाही. त्यातील किती हिस्सा फेरस आहे, हेही सांगावे लागते. कोबाल्ट निळा रंग देतो, सेलेनियम गुलाबी ते तपकिरी, क्रोमियम हिरवा, तर निकेल करडेपणाकडे झुकणारी तपकिरी छटा देते. हे रंग एकमेकांना छेद देतील अशा बेताने मिसळले की डोळ्याला तटस्थ वाटणारी करडी काच मिळते.

हे ऐकायला सोपे, करायला अवघड आहे. सेलेनियमचा मोठा भाग भट्टीच्या उष्णतेत वायुरूपाने उडून जातो. फेरस लोह वाढविण्यासाठी भट्टीतील ऑक्सिडीकरण कमी करावे, तर रसातील बुडबुडे घालविण्यासाठी टाकलेल्या सोडियम सल्फेटमधील गंधकाचे सल्फाइड बनते आणि लोहाशी मिळून काचेला नको असलेला पिवळा-तपकिरी रंग चढवते. एक घटक हलविला की बाकीचे सारे हलतात. तपासणीच्या वेळी हीच बाब निर्णायक ठरते.

जुना दाखला

करड्या काचेच्या इतिहासात वारंवार उद्धृत होणारा दाखला म्हणजे पिट्सबर्ग प्लेट ग्लास या अमेरिकी कंपनीचे, डंकन आणि सहकाऱ्यांच्या नावावरील पेटंट. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी ते २५,३१२ या क्रमांकाने पुन्हा प्रदान करण्यात आले. त्यातील मिश्रणात लोह ऑक्साइड ०.२ ते १ टक्का, निकेल ऑक्साइड ०.००३ ते ०.०५ टक्के, कोबाल्ट ऑक्साइड ०.००३ ते ०.०२ टक्के आणि सेलेनियम ०.००३ ते ०.०२ टक्के आहे. पाव इंच जाडीच्या या काचेतून ३५ ते ४५ टक्के दृश्य प्रकाश पार होतो.

या पेटंटची मुदत केव्हाच संपली. तरीही करड्या काचेसाठी येणाऱ्या प्रत्येक नव्या अर्जाला त्याची गाठ पडतेच. मुदत संपलेले पेटंट मक्तेदारी गमावते, पण पूर्वज्ञान म्हणून त्याचे वजन कायम राहते.

पुढे निकेलविषयी वेगळीच अडचण उभी राहिली. काचेच्या रसात निकेल आणि गंधक यांचा संयोग झाला तर निकेल सल्फाइडचे सूक्ष्म खडे बनतात. काच उष्णता देऊन कठीण करताना हे खडे उच्च तापमानाच्या रूपात अडकून पडतात आणि पुढे सावकाश मूळ रूपात परतताना फुगतात. परिणामी इमारतीला बसविलेली धडधाकट काच महिन्यांनी किंवा वर्षांनी, कुणी हात न लावता, अचानक चक्काचूर होते. म्हणून निकेल वगळून करडी छटा साधण्याचे प्रयत्न सुरू झाले. याच पिट्सबर्गच्या कंपनीला निकेलविरहित गडद करड्या काचेसाठी १९८९ आणि १९९१ साली अमेरिकी पेटंटे मिळाली.

परीक्षकाचे पहिले परिमाण : नावीन्य

असा एखादा अर्ज भारतात दाखल झाला, तर पेटंट अधिनियम, १९७० नुसार त्याची तपासणी होते. कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथे पेटंट कार्यालये असून महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबई कार्यालयाकडे येतात. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणी मात्र आपोआप होत नाही, तिच्यासाठी स्वतंत्र विनंती करावी लागते. २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दाखल होणाऱ्या अर्जांसाठी ही मुदत अग्रक्रम तारखेपासून ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणण्यात आली आहे.

परीक्षक प्रथम दावे वाचतो. दावा म्हणजे शोधाच्या हद्दीची कुंपणरेषा. समजा, अर्जदाराने ०.५ ते ०.७ टक्के लोह ऑक्साइड, ०.००५ ते ०.०१ टक्के कोबाल्ट ऑक्साइड, ०.००३ ते ०.००६ टक्के सेलेनियम आणि ०.०१ ते ०.०२ टक्के निकेल ऑक्साइड असलेल्या करड्या काचेवर हक्क सांगितला. चारही आकडे डंकन यांच्या व्याप्तीच्या पोटात बसतात. मग ही काच नवी म्हणायची काय?

मोठ्या ज्ञात व्याप्तीतून छोटा पट्टा वेचून काढणे यास 'निवड शोध' म्हणतात. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या व्यवहारात असा पट्टा नवा ठरण्यासाठी तो पुरेसा अरुंद असावा लागतो, तसेच जुन्या दस्तऐवजातील प्रत्यक्ष उदाहरणांपासून पुरेसा दूर असावा लागतो. जुन्या पेटंटमधील एखादे उदाहरण नेमके या पट्ट्यात पडत असेल तर दावा तेथेच कोसळतो. म्हणून परीक्षक केवळ व्याप्ती पाहून थांबत नाही. उदाहरणांच्या तक्त्यातील एकेक ओळ ताडून पाहतो.

याच टप्प्यावर आणखी एक सापळा असतो. पुष्कळदा अर्जदार मिश्रणाबरोबर गुणधर्मही दाव्यात लिहितो. उदाहरणार्थ, '४ मिलिमीटर जाडीला दृश्य प्रकाशाचे पारगमन किमान ७० टक्के'. जुन्या पेटंटमध्ये पारगमन ६ मिलिमीटर जाडीला मोजलेले असेल, तर दोन्ही काचा वरकरणी भिन्न भासतात. पृष्ठभागांवरून परावर्तित होणारा सुमारे ८ टक्के प्रकाश वगळून हिशेब केला, तर ४ मिलिमीटरला ७० टक्के पारगमन असलेली काच ६ मिलिमीटरला सुमारे ६१ टक्के प्रकाश पार जाऊ देते. म्हणजे ७० आणि ६१ हे आकडे एकाच काचेचे असू शकतात. जुन्याच मिश्रणाचा पूर्वी न मोजलेला गुणधर्म मोजून दाखविल्याने ते मिश्रण नवे होत नाही, हे तत्त्व येथे लागू पडते.

दुसरे परिमाण : शोधक पायरी

नावीन्याचा उंबरठा ओलांडला तरी खरी कसोटी पुढेच असते. त्या क्षेत्रातील जाणकार कारागिराला हे सहज सुचले असते काय, हा प्रश्न परीक्षकाला विचारावा लागतो. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली स्पष्ट केले की, शोध हा केवळ कारखान्यातील किरकोळ सुधारणेपेक्षा अधिक असला पाहिजे. अमेरिकेतही पीटरसन प्रकरणात २००३ साली संघीय अपील न्यायालयाने म्हटले की, दाव्यातील व्याप्ती जुन्या व्याप्तीशी जुळत असेल तर तो सकृद्दर्शनी सहज सुचण्याजोगा मानावा. अनपेक्षित परिणाम दाखवून अर्जदाराने ते खोडून काढावे. ते प्रकरण मिश्रधातूचे होते, परंतु काचेच्या मिश्रणालाही तोच तर्क लागू पडतो.

निकेल वगळण्याचेच उदाहरण घ्यावे. निकेलचा दोष सर्वज्ञात झाल्यावर ते काढून टाकावे, हे कोणालाही सुचेल. मात्र निकेल काढताच करडेपणा ढळतो. तो सावरण्यासाठी कोबाल्ट वाढवावा तर काच निळी पडते, सेलेनियम वाढवावे तर ती तपकिरीकडे झुकते. या कोंडीतून अर्जदाराने मार्ग काढला असेल आणि तुलनात्मक उदाहरणांनी तो सिद्ध केला असेल, तर शोधक पायरी मान्य होण्यास जागा राहते. उलट, निकेलविरहित करडी काच १९८९ पासून ज्ञात असताना आज कोणी निव्वळ निकेल नसणे हाच शोध म्हणून मांडला, तर परीक्षक तो नाकारील.

भारतीय कायद्याचे कलम ३ (ई) येथे विशेष लक्षात घ्यावे लागते. घटकांचे गुण केवळ एकत्र येणारे साधे मिश्रण शोध ठरत नाही, असे हे कलम सांगते. कोबाल्टने निळा रंग दिला आणि क्रोमियमने हिरवा, एवढ्याने भागत नाही. घटकांच्या परस्परक्रियेतून काही अधिक निष्पन्न व्हावे लागते. सेलेनियमची छटा लोहाच्या आणि भट्टीतील ऑक्सिडीकरणाच्या स्थितीनुसार पालटते. अशी परस्परक्रिया आकड्यांनिशी दाखविणे हे अर्जदाराचे काम होय.

तिसरे परिमाण : स्पष्टता आणि पूर्ण प्रकटीकरण

पेटंट हा एक करार आहे. शोधकाने शोध उघड करावा आणि बदल्यात समाजाने त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे मक्ता द्यावा. त्यामुळे कायद्यानुसार तपशीलपत्रात शोध पूर्णपणे आणि ज्ञात असलेल्या उत्तम पद्धतीसह सांगावा लागतो. 'उष्णता अडविणारी आणि उजेड देणारी काच' असा केवळ फलिताचा दावा मान्य होत नाही. ते फलित कशाने साधते, हे लिहावे लागते. लोहाचा फेरस हिस्सा कसा मोजला, प्रकाशाचा कोणता प्रमाणित स्रोत धरला, जाडी किती होती, सेलेनियमचे प्रमाण भट्टीत टाकलेले की तयार काचेत उरलेले, हे न सांगितल्यास दावा संदिग्ध ठरतो. 'समाविष्ट असलेली' आणि 'एवढ्यांनीच बनलेली' या दोन शब्दप्रयोगांतील फरकही हद्द कमीजास्त करतो. पहिल्यात इतर घटकांना वाव राहतो, दुसऱ्यात राहत नाही.

परीक्षकाच्या हरकती प्रथम तपासणी अहवालात नमूद होतात. अर्जदाराने सहा महिन्यांत उत्तर द्यावयाचे असते. मागणी केल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. बहुतेक अर्जांत येथे व्याप्ती आवळली जाते. लोहाचा पट्टा अरुंद होतो, फेरस प्रमाणाची अट घातली जाते. मात्र मूळ तपशीलपत्रात नसलेली बाब दुरुस्तीच्या नावाखाली आत आणता येत नाही. हरकती कायम राहिल्यास सुनावणी होते आणि नियंत्रक निर्णय देतात. त्याविरुद्धचे अपील, बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ साली रद्द झाल्यापासून, उच्च न्यायालयात जाते. पेटंट मिळण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. ते मिळाल्यावर हितसंबंधी पक्षाला प्रसिद्धीपासून एक वर्षाची मुदत असते.

ग्राहकाशी संबंध काय?

या साऱ्या आकडेमोडीचा सामान्य ग्राहकाशी थेट संबंध पोहोचतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे, अशी मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचेवर काळी फिल्म चिकटविण्यास मनाई केली, तेव्हा कारखान्यातच या मर्यादेत बनलेली छटायुक्त काच मात्र वैध मानली होती. म्हणजेच ७० टक्के उजेड राखून जास्तीत जास्त उष्णता अडविणे, या अरुंद वाटेवर सगळ्या उत्पादकांची स्पर्धा आहे. तेथे एकाला अवाजवी रुंद दावा मिळाला, तर जुनीच काच बनविणाऱ्या इतरांना परवाना शुल्क द्यावे लागेल आणि त्याचा भार अखेर गाडीच्या किमतीवर पडेल. उलट, खरा शोध क्षुल्लक म्हणून नाकारला गेला, तर तो कारखान्याच्या तिजोरीत गुपित म्हणून बंद राहील. काचेच्या बाबतीत परीक्षकाला दोन्ही चुका टाळाव्या लागतात, आणि त्यासाठी त्याच्या हाती असते ती जुन्या पेटंटांतील तक्त्यांची चळत आणि दशांश चिन्हापुढील दोन-तीन आकडे.