सॉल्टर, एडा
सॉल्टर, एडा : (२० जुलै १८६६–४ डिसेंबर १९४२). ब्रिटिश समाजवादी व शांततावादी कार्यकर्त्या. लंडनमधील एखाद्या बरोच्या (शहरातील स्थानिक प्रशासकीय विभागाच्या) महापौर झालेल्या पहिल्या महिला. माहेरचे आडनाव ब्राउन. जन्म नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील राँड्झ येथे, मेथडिस्ट कुटुंबात. पुढे त्यांनी क्वेकर हा ख्रिस्ती पंथ स्वीकारला. १८९७मध्ये सेवाकार्यासाठी त्या लंडनमधील बर्मंडसीत आल्या. टेम्सकाठच्या गोद्या, कातडी कमावण्याचे आणि जॅम-बिस्किटांचे कारखाने यांच्या दाटीत वसलेली ही गोरगरिबांची वस्ती. तेथेच डॉ. आल्फ्रेड सॉल्टर भेटले; १९००मध्ये विवाह झाला.

ज्यांची सेवा करायची त्यांच्यातच राहायचे, हे दोघांचे ठरलेले. एकुलती एक मुलगी जॉइस वस्तीतल्याच शाळेत जाई. नोव्हेंबर १९०९मध्ये एडा बर्मंडसी बरो कौन्सिलवर निवडून आल्या. पुढच्याच वर्षी आठ वर्षांची जॉइस स्कार्लेट फिव्हरने गेली. आईबापांनी वस्ती सोडली नाही.

१९११च्या उन्हाळ्यात कारखान्यांतील हजारो स्त्रियांनी संप केला, तेव्हा संपकऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था एडांनी उभी केली. १९२२मध्ये महापौर झाल्यावर त्यांनी मानाचा झगा आणि साखळी अंगावर घालण्यास नकार दिला.

त्यांचे खरे मोठेपण मात्र बरो कौन्सिलच्या सुशोभन समितीच्या कामात आहे. गरिबाला आधी भाकरी, फुले मागाहून, हा हिशेब त्यांना मुळातच मान्य नव्हता. समितीने रस्तोरस्ती सुमारे ९,००० झाडे लावली, चर्चलगतच्या जुन्या दफनभूमींत मुलांना खेळायला जागा केली, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या आणल्या. कोंदट चाळवजा घरे पाडून विल्सन ग्रोव्ह येथे अंगण-परसाची टुमदार घरे बांधण्यात आली. ती आजही नांदती आहेत. १९२५पासून लंडन काउंटी कौन्सिलवर असताना उद्यानांचा हाच ध्यास त्यांनी शहरभर नेला. त्यांची ओळख ‘डॉ. सॉल्टरांच्या पत्नी’ एवढीच करून देणे अन्यायाचे आहे.

टेम्सच्या काठावर बसलेल्या आल्फ्रेड यांचा जुना पुतळा २०११मध्ये चोरीला गेला. २०१४मध्ये नवा बसवताना शेजारी प्रथमच एडांचा पुतळा उभारण्यात आला. समोर धक्क्याच्या भिंतीला टेकून जॉइस उभी आहे, भिंतीवर तिची मांजर. आणि एडांच्या हातात फावडे आहे.