घडीचा हिशेब : जालना परिसरातील अपूर्णांकशिक्षण

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. त्याआधी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात व उरलेला भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. कापूस आणि धान्य यांच्या व्यापारावर वाढलेल्या जालन्याच्या पेठेला १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग जोडला गेला आणि ‘सोन्याचा पाळणा’ हा तिचा लौकिक अधिक पक्का झाला. अशा व्यापारी भागात अपूर्णांकांची खरी गरज शाळेआधी दुकानाच्या गादीवर भासत असल्यामुळे, त्यांच्या शिक्षणाचा इतिहासही पेठेतल्या हिशेबापासूनच सुरू करावा लागतो. आज जिल्हा परिषदेच्या शाळांतून कागदाच्या घड्या घालून जो अपूर्णांक शिकविला जातो तो नवा उपक्रम मानला जात असला, तरी मधल्या काळातील पाठ्यपुस्तकी अपूर्णांकापेक्षा तो जुन्या पेठेतल्या हिशेबाला अधिक जवळचा आहे.

मराठी मुलखातील पंतोजींच्या शाळांत पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले जात. पावकी, निमकी आणि पाऊणकी म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा व पाऊण यांचे पाढे. सवायकी, दिडकी आणि अडीचकी म्हणजे सव्वा, दीड व अडीचचे. आणि औटकी म्हणजे साडेतीनचा. शेराला दीड रुपया भाव असेल तर तेरा शेरांचे साडेएकोणीस रुपये होतात, हे दिडकी आलेल्या मुलाला कागदाला हात न लावता सांगता येई. हिंदी आणि मारवाडी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांकडेही सवैया, ड्योढा, ढइया असे पाढे प्रचलित असल्याने गादीवरची भाषा बदलली तरी हिशेब अडत नसे. लेखनाची पद्धतही याच विचारातून आली होती : पावासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन, पाऊणसाठी तीन, आणि पावाखालच्या आण्यांसाठी लहान आडव्या किंवा तिरप्या रेघा. रुपयाचे सोळा आणे असल्याने प्रत्येक पायरीवर निम्मे करीत गेले की अधेली (आठ आणे), पावली (चार आणे), चवली (दोन आणे) आणि शेवटी आणा हाती येई. अंश आणि छेद, म्हणजे घेतलेले भाग आणि एकूण समान भाग, हे एकाखाली एक लिहिण्याची गरज या व्यवहारात क्वचितच पडे.

पाढे तोंडी होते याचे एक कारण साहित्याच्या किमतीत आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनत असे आणि दौलताबादी कागद मराठी दफ्तरांत मान पावलेला होता. पण तो सनदा, पत्रे आणि वह्यांसाठी होता, मुलांच्या हाती फाडायला द्यायला नव्हे. मुले धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, बोटाने किंवा काडीने आकडे गिरवीत आणि पुसून टाकीत. पाठांतराला नावे ठेवणाऱ्या नंतरच्या सुधारकांनी ही अडचण फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

या पद्धतीला मर्यादाही होती, आणि ती संस्थानी नाण्यांत उघड दिसे. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजी मुलखातील कळदार रुपया यांचा दर साधारणपणे सात हाली म्हणजे सहा कळदार असा होता. रेल्वेने मनमाडकडे जाणाऱ्या मालाचा हिशेब करताना हा सप्तमांश वाटेत येई, आणि निम्मे-निम्मे करून सप्तमांश कधीच मिळत नाही. तिथे त्रैराशिक, म्हणजे तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याची रीत, वापरावी लागे. प्रत्येक अपूर्णांकाला सामावणारी मांडणी या भूमीला परकी मात्र नव्हती. जालन्याच्या वायव्येस चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथात एका कवडीचुंबकाने दिलेल्या दानाचे असे उदाहरण आहे, की अपूर्णांकाचा अपूर्णांक घेत गेल्यावर एका द्रम्माचा १/१२८० भाग, म्हणजे नेमकी एक कवडी, उरते. पेठेने त्यातले आपल्या कामापुरतेच ठेवले.

खरा खंड पडला तो १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा. पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणे-शेर व्यवहारातून गेले आणि पावकी-औटकीची गरजही ओसरत गेली. बोलण्यात ‘पाव किलो’ आणि ‘अडीचशे’ टिकले. पिकाच्या उताऱ्याचा अंदाज मात्र सोळा आण्यांऐवजी शंभर पैशांत मांडला जाऊ लागला, आणि दुष्काळाच्या छायेत वावरणाऱ्या या जिल्ह्यात पैसेवारी पन्नासच्या आत आली की नाही, याकडे आजही गावोगाव लक्ष असते. शाळेत उरला तो अंश-छेदाचा अपूर्णांक, ज्याला आता बाजारात आधार नव्हता. चार हा तीनहून मोठा म्हणून १/४ हा १/३ हून मोठा, असे मुलाने ठरविले तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

कागद शाळेत आला तो वेगळ्या वाटेने. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीत रंगीत चौकोनी कागदांच्या घड्यांना स्थान होते. त्यावरून प्रेरणा घेऊन टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासला घडीकामातून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, ज्याची पुढे अमेरिकेतही आवृत्ती निघाली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरण्याचा आग्रह धरला. पुढे ‘नवनिर्मिती’सारख्या संस्थेने स्वस्त गणितसाहित्य तयार केले, आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर कृतीतून शिकविण्याचा विचार जिल्हा परिषदेच्या शाळांच्या नित्य चर्चेत आला.

कागदाच्या एका पट्टीला एकामागून एक चार वेळा मधोमध घडी घातली की दोन, चार, आठ आणि सोळा भाग होतात; हा अधेली-पावली-चवली-आण्याचाच क्रम आहे, फक्त तो आता डोळ्यांना दिसतो. पाठांतर जे देऊ शकत नव्हते ते गुणाकारात मिळते. चौकोनी कागदाचे उभे तीन भाग करून दोन रंगवावेत, मग आडवे चार भाग करून त्यांतल्या तिनांवर तिरप्या रेघा माराव्यात; एकूण बारा घरांपैकी सहा घरांत रंग आणि रेघा दोन्ही येतात, म्हणून २/३ गुणिले ३/४ बरोबर अर्धा. छेदांचा गुणाकार का करायचा हे सांगण्यासाठी याहून नेमके साधन सापडणे कठीण आहे.

अडते ते विषम भागांपाशी. तीन भाग अंदाजाने जमतात, पाच चुकतात आणि सात तर बहुधा फसतात. त्यावर रेघांच्या वहीचा उपाय आहे : पट्टीची कड तिरपी ठेवून तिचे एक टोक पहिल्या आणि दुसरे आठव्या रेघेवर टेकवले, की मधल्या सहा रेघा त्या कडेला जिथे छेदतात तिथे खुणा करून पट्टीचे सात समान भाग मिळतात. समांतर व समान अंतरावरच्या रेषा कोणत्याही तिरप्या रेषेचे समान तुकडे करतात, हा भूमितीचा नियम त्यामागे आहे, आणि त्यासाठी लागते ती मुलाच्या दप्तरातली एकरेघी वही.